यादवीतील घर : जेध्यांचा करीना आणि पॅस्टन कुटुंबाची पत्रे

‘यादवी’ हा शब्द मराठीने मोठ्या जाणतेपणाने निवडला आहे. इंग्रजीत अंतर्गत युद्धाला जे नाव आहे त्याच्या मुळाशी नागरिक आहे; मराठी शब्दाच्या मुळाशी कुळ आहे. प्रभासक्षेत्री एकाच वंशाचे वीर हाती लागेल ते गवत उपटून एकमेकांवर तुटून पडले, या कथेची सावली या शब्दावर कायमची पडलेली आहे. त्यामुळे यादवी म्हटली की सिंहासनाआधी घर डोळ्यांपुढे येते. राज्याचे इतिहास लिहिणारे बहुधा सिंहासनापासून आरंभ करतात. घराच्या बाजूने यादवी कशी दिसते हे पाहावयाचे असेल, तर घरांनी जपून ठेवलेल्या कागदांकडेच वळावे लागते. असे कागद मराठीत विपुल आहेत. मात्र ते साहित्याच्या अभ्यासकांच्या नजरेखालून फारसे जात नाहीत.

यांपैकी रोहिडखोऱ्यातील कारी गावच्या जेधे देशमुखांचे कागद विशेष विचारार्ह आहेत. जेधे शकावली बहुतेकांना नावाने ठाऊक असते. दाजीसाहेब जेधे यांच्या घरातील ही शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळाद्वारे छापली गेली. शिवाजीमहाराजांचा जन्म शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीयेस, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० रोजी झाला, हे तीत नमूद आहे. आणि या एका नोंदीच्या प्रकाशात उरलेली शकावली झाकोळून गेली. तीत १६१८ ते १६९७ या काळातील घटना तिथिवार येतात. पहिलीच नोंद औरंगजेबाच्या जन्माची आहे. मावळातल्या एका घराने आपल्या काळाची मोजणी दूरच्या बादशहाच्या जन्मापासून सुरू करावी, यातच त्या घराला आपल्या नशिबाची दोरी कोठवर पोचते याची किती जाण होती ते दिसते. शकावलीचे सख्खे भावंड म्हणजे जेधे करीना. शकावली तारखा सांगते. करीना हकीकत सांगतो.

करीना हा लेखनप्रकार आजच्या वाचकाला समजावून सांगणे आवश्यक आहे. वतनाविषयी तंटा उपस्थित झाला की वादी आणि प्रतिवादी आपापल्या घराची पूर्वपीठिका गोतसभेपुढे किंवा सरकारात लेखी मांडीत. वतन कोणी मिळविले, कोणाकडून कोणाकडे आले, कोणी बळकावले, कोणत्या प्रसंगी घराने काय सेवा केली, हे सर्व त्यात क्रमाने येई. पुढे साक्षी होत, निवाडा होई, आणि महजर लिहिला जाई. त्यावर पाटील नांगराची निशाणी करी आणि बलुतेदार आपापल्या हत्यारांच्या निशाण्या करीत. तेव्हा करीना हा जन्मतःच पक्षकाराचा कागद आहे. त्याला काही सिद्ध करावयाचे असते. त्याची भाषा आटोपशीर असते, कारण ऐकणाऱ्यांना प्रदेश, नाती आणि वैरे आधीच ठाऊक असतात. आणि त्याचे लक्ष सदैव वतनावर खिळलेले असते.

जेध्यांच्या करीन्यातली हकीकत मुळी घरातल्या यादवीपासूनच सुरू होते. कान्होजी जेध्याचा पिता नाईकजी याला वतनाच्या लोभाने त्याच्याच भावांनी मारले. अर्भकावस्थेतील कान्होजीला देवजी महाला या इमानी सेवकाने वाचविले आणि मोसेखोऱ्यातील बाजी पासलकराच्या आश्रयाने तो वाढला. पुढे पासलकराने आपली कन्या सावित्री त्याला दिली. शेजारच्या हिरडस मावळातील बांदलांशी जेध्यांचे वैर होते आणि रोहिडखोऱ्यातच उत्रवळीच्या खोपड्यांशी देशमुखीची चुरस होती. म्हणजे आदिलशाही आणि स्वराज्य यांचा झगडा या खोऱ्यात पोचण्यापूर्वीच तेथे प्रत्येक घराला शत्रू होता, आणि तो शत्रू बहुधा भाऊ, भाऊबंद किंवा शेजारी होता. राज्याच्या दृष्टीने पुढचा संग्राम स्वातंत्र्याचा होता. खोऱ्यातल्या घरांच्या दृष्टीने मात्र त्या संग्रामाने जुन्या वैरांना नवी निशाणे दिली.

कान्होजी प्रथम आदिलशाहीतील सरदार रणदुल्लाखानाच्या आणि नंतर शहाजीराजांच्या पदरी होता. १६४८ साली जिंजीजवळ शहाजीराजांना कैद झाली, तेव्हा कान्होजी आणि त्याचा कारभारी दादाजी कृष्ण लोहोकरे यांनाही बंदिवास घडला. १६४९ साली सुटका झाल्यावर शहाजीराजांनी त्यांना मावळात आपल्या पुत्राकडे पाठविले. दहा वर्षांनी कसोटीची वेळ आली. विजापूरहून १६ जून १६५९ चे फर्मान कान्होजीच्या नावे आले : अफझलखानाला सामील व्हावे. फर्मान घेऊन कान्होजी आपल्या पाच पुत्रांसह शिवाजीमहाराजांकडे गेला आणि तो कागद त्याने त्यांच्यापुढे ठेवला. खंडोजी खोपडे खानाकडे गेलेला होता. महाराजांनी कान्होजीला वतनाचा धोका स्पष्ट करून सांगितला. त्यावर कान्होजीने वतनावर पाणी सोडले.

‘पाणी सोडणे’ या शब्दप्रयोगापाशी भाषांतरकाराला थांबावे लागते. त्याग केला, हक्क सोडला, असा अर्थ देता येतो आणि कोशाच्या दृष्टीने तो चुकीचाही ठरणार नाही. परंतु मराठी वाचकाला येथे ओंजळ दिसते. दान देताना हातावर घातलेले उदक दिसते. एकदा ते जमिनीवर पडले की परत घेता येत नाही. ज्या करीन्याचा सारा खटाटोप वतन राखण्यासाठी आहे, त्याच्या मध्यभागी वतनावर पाणी सोडल्याचा प्रसंग उभा आहे, ही या लेखनातील खोल विसंगती आहे. वतन सोडावयास आपण सिद्ध झालो होतो म्हणूनच ते आपले आहे, असा हा युक्तिवाद आहे. सोडण्याची तयारी हाच येथे हक्काचा पुरावा झाला आहे.

या प्रसंगानंतर कान्होजीचा कबिला खानाच्या वाटेवरून दूर, तळेगावी ढमढेऱ्यांच्या आश्रयाला पाठविण्याचे ठरले. फौजेची व्यवस्था झाली, आणि कथा प्रतापगडाकडे वळली. १० नोव्हेंबर १६५९ रोजी जे घडले ते सर्वश्रुत आहे. कारीचे घर मात्र तळेगावच्या वाटेवर कोठेतरी दृष्टीआड झाले. सावित्रीबाई, सुना आणि लेकरे ‘कबिला’ या एका सामूहिक शब्दात सामावली गेली. कोणी काय बांधून घेतले, कोणती गुरे मागे राहिली, निघताना घरात कोण काय बोलले, यांपैकी कशालाही त्या कागदात स्थान नव्हते.

येथे सुमारे दोन शतके मागे आणि अर्धे जग ओलांडून इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याकडे पाहणे उपयुक्त ठरेल. कारण तेथे नेमका हाच दृष्टीआड झालेला भाग एका घराच्या कागदांत टिकून राहिला आहे. नॉरफोक परगण्यातील पॅस्टन कुटुंब हे त्या देशातील मध्यम प्रतीचे जमीनदार घराणे. क्लेमंट पॅस्टन हा स्वतः नांगर धरणारा शेतकरी. त्याने उसनवार करून मुलाला शिकविले आणि तो मुलगा, विल्यम, १४२९ साली न्यायाधीश झाला. विल्यमचा पुत्र जॉन हाही कायदेपंडित; त्याची पत्नी मार्गारेट. देशात लँकेस्टर आणि यॉर्क या दोन राजशाखांमध्ये १४५५ पासून तीस वर्षे जी युद्धे चालली, त्यांना पुढे गुलाबांची युद्धे असे नाव पडले. राजसत्ता दुबळी झाल्यामुळे बलिष्ठ सरदार शेजाऱ्यांच्या गढ्या बळकावू लागले, आणि पॅस्टनांच्या नव्या जमिनींवर अनेकांचा डोळा होता.

देशमुख आणि हे घराणे यांना एका मापाने मोजणे बरोबर नाही. देशमुखी हे वंशपरंपरागत अधिकारपद होते. वसुली, बंदोबस्त आणि शिबंदी त्याला चिकटलेली होती. पॅस्टनांची जमीन खरेदीने, विवाहाने आणि कायद्याच्या ज्ञानाने आलेली होती. इतकी, की जॉनच्या मृत्यूच्या सुमारास १४६६ साली हे कुळ मुळात गुलाम शेतकऱ्यांचे आहे असा आरोप झाला आणि आपले कुलीनत्व त्यांना राजाकडून मान्य करून घ्यावे लागले. परंतु दोघांची भूमिका एकच होती. दोघेही राजे नव्हते आणि रयतही नव्हते. दोघांनाही वरच्या यादवीत पक्ष निवडणे भाग होते, आणि पक्ष चुकला तर शिर जाईल की जमीन, हे आधी ठरविता येत नव्हते. आणि दोघांनीही कागद जपले.

पॅस्टनांनी जपलेल्या कागदांत हजारांहून अधिक पत्रे व दस्तऐवज आहेत. जॉन खटल्यांसाठी लंडनला असे आणि मार्गारेट नॉरफोकात जमीन सांभाळी. म्हणून पत्रे लिहिली गेली. १४४८ साली ग्रेशमच्या गढीवरून लॉर्ड मोलिन्सशी तंटा पेटला, तेव्हा मार्गारेटने पतीला एक पत्र पाठविले. घराच्या भिंती बुटक्या आहेत, लांब धनुष्ये आत वापरता येणार नाहीत, तेव्हा आडवी धनुष्ये आणि त्यांचे बाण पाठवावेत, असे ती कळविते. शत्रूने दारांना अडसर कसे घातले आहेत आणि भिंतींना भोके कोठे पाडली आहेत, हेही सांगते. आणि त्याच पत्रात शेरभर बदाम, तितकीच साखर आणि मुलांच्या अंगरख्यांसाठी कापड आणावयास सांगते. बाण आणि बदाम यांच्यामध्ये ती श्वासही घेत नाही. दोन्ही घराच्या गरजा आहेत आणि दोन्ही एकाच माणसाने आणावयाच्या आहेत.

१४५० च्या जानेवारीत मोलिन्सच्या माणसांनी खरोखरच हल्ला केला. जॉनने राजाकडे केलेल्या अर्जात याचे वर्णन आहे : सुमारे एक हजार सशस्त्र लोक आले, आत त्याची पत्नी आणि अवघी बारा माणसे होती, तिच्या खोलीची भिंत खणून पाडण्यात आली आणि तिला उचलून बाहेर काढण्यात आले. हा अर्ज वाचताना मराठी वाचकाला परिचयाची खूण पटते. संख्या गोल आणि मोठी आहे. अन्याय ठळक आहे. स्त्री ही अन्यायाची साक्ष म्हणून उभी आहे, तिला स्वतःचा शब्द नाही. हा पॅस्टनांचा करीना आहे! दोन वर्षांपूर्वी बाणांचा हिशेब सांगणारी आणि मुलांच्या कापडाची काळजी वाहणारी मार्गारेट या अर्जात कोठेच दिसत नाही. ती तेथे केवळ ‘अर्जदाराची पत्नी’ आहे.

मावळ आणि नॉरफोक यांच्या तुलनेतून निघणारा मुख्य निष्कर्ष येथे हाती येतो. करीन्यात स्त्रिया दिसत नाहीत, घरातला क्षण दिसत नाही, अनिश्चितता दिसत नाही. याचे कारण मराठी समाजाच्या मुकेपणात शोधण्याची घाई केली जाते. परंतु त्याच पॅस्टन घरात, त्याच प्रसंगाविषयी, अर्ज एक सांगतो आणि पत्र दुसरेच सांगते. फरक दोन समाजांत आहे त्याहून अधिक दोन लेखनप्रकारांत आहे. अर्ज आणि करीना हे निवाड्यासाठी लिहिले जातात. त्यांना घटनेचा शेवट ठाऊक असतो आणि त्या शेवटाला उपयोगी पडेल तेवढेच ते सांगतात. पत्र निरोपासाठी लिहिले जाते. उद्या काय होणार हे लिहिणाऱ्याला माहीत नसते, म्हणून जवळचे सर्व काही त्यात येते. मराठी स्त्रिया पत्रांतून बोलल्याच नाहीत असेही नाही. अठराव्या शतकातील गोपिकाबाई आणि अहिल्याबाई होळकर यांची पत्रे याची साक्ष देतात. मार्गारेटची पत्रेही तिच्या हातची नाहीत; कारकून, उपाध्याय, कधी पुत्र यांच्याकडून ती लिहवून घेतलेली आहेत. मावळातल्या देशमुखाचे मोडी कागदही कारकुनाच्याच लेखणीतून उतरत. आवाज आणि लेखणी एका व्यक्तीची असलीच पाहिजेत, ही अपेक्षा दोन्ही ठिकाणी सोडावी लागते.

ही दृष्टी ठेवून पुन्हा जेध्यांकडे वळले, की करीन्यातील काही स्थळे निराळी दिसू लागतात. अफझलखानाच्या प्रसंगानंतर खंडोजी खोपडे पेचात सापडला. त्याने सोयऱ्यांच्या मध्यस्थीने कान्होजीकडे धाव घेतली आणि कान्होजीने महाराजांपाशी त्याच्या जिवाची भीक मागितली. प्राण वाचले, परंतु त्याचा उजवा हात आणि डावा पाय तोडण्यात आला. दावा सिद्ध करण्यास या हकीकतीची मोठी आवश्यकता नव्हती. शत्रूचा सर्वनाश झाला एवढे सांगून भागले असते. तरीही ज्याच्याशी पिढ्यानपिढ्या देशमुखीची चुरस, त्याच्यासाठी कान्होजीने शब्द टाकल्याचे आणि तो शब्द अर्धाच राखला गेल्याचे करीना सांगतो. खोऱ्यातला वैरी हा खोऱ्यातलाच माणूस असतो. उद्या त्याच्या घराशी पुन्हा सोयरीक व्हावयाची असते, त्याच पाणवठ्यावर गुरे जावयाची असतात. यादवीचे हे सूक्ष्म दुःख येथे विशेषणांवाचून उतरले आहे. बांदलांची गोष्टही अशीच. १६६० साली पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना बांदलांच्या तुकडीने जे शौर्य केले, त्याबद्दल दरबारातील मानाच्या तलवारीचे पहिले पान त्यांना मिळाले. ते आधी जेध्यांचे होते. आपला मान जुन्या वैऱ्याकडे गेल्याची नोंद जेध्यांच्या कागदाने स्वतःच ठेवावी, यात पराभवाचा सूर नाही, समजूतदारपणाचा आहे.

निष्ठेची गोष्ट एकदाच ठरून संपत नाही, हेही दोन्ही घरांचे कागद सांगतात. कान्होजीचा पुत्र बाजी याने फत्तेखानाशी झालेल्या लढाईत पराक्रम करून ‘सर्जेराव’ हा किताब मिळविला. परंतु संभाजीमहाराजांच्या काळात, मोगल फौजा मावळात उतरल्यावर, त्याचा भाऊ शिवाजी जेधे मोगलांकडे गेला. १६८५ साली संभाजीमहाराजांनी सर्जेरावाला याच संदर्भात कडक शब्दांत पत्र लिहिले. पुढे १६९० साली राजाराममहाराजांनी त्यालाच विश्वासाचे पत्र पाठविले, आणि त्या कठीण काळात वतने देऊन माणसे राखण्याचे धोरण स्वराज्यालाही स्वीकारावे लागले. कान्होजीने ज्या वतनावर पाणी सोडले, त्याच वतनाच्या आशेने त्याच्या पुढच्या पिढीला दोन्हीकडून बोलावणे येत होते. पॅस्टनांचे तेच झाले. प्रारंभी यॉर्क पक्षाच्या आश्रयाने वावरणारे हे कुटुंब केस्टरचा किल्ला नॉरफोकच्या ड्यूकने १४६९ साली वेढा घालून घेतल्यानंतर लँकेस्टर पक्षाकडे वळले. १४ एप्रिल १४७१ रोजी बार्नेटच्या रणांगणावर मार्गारेटचे दोन्ही जॉन पराभूत पक्षाकडून लढले. थोरल्याने चार दिवसांनी आईला पत्र लिहून कळविले, की धाकट्याच्या उजव्या हाताला कोपराखाली बाण लागला आहे, पण वैद्य पाठविला आहे, काळजी करू नये. निष्ठेविषयीचे विवेचन येथे नाही. आईला मुलाचा हात हवा आहे, आणि पत्र तेवढेच आधी सांगते. केस्टर १४७६ साली घराण्याकडे परत आले; ड्यूक मरण पावला होता.

या दोन दप्तरांच्या पुढच्या नशिबाकडे पाहिले म्हणजे मराठी समीक्षेपुढचा प्रश्न स्पष्ट होतो. पॅस्टन पत्रे जॉन फेन याने १७८७ पासून छापण्यास आरंभ केला. एकोणिसाव्या शतकात जेम्स गेर्डनर या इतिहासकाराने ती संपादित केली. परंतु १९२५ साली व्हर्जिनिया वुल्फने आपल्या समीक्षालेखसंग्रहाचा आरंभच पॅस्टन आणि चॉसर यांच्यावरील लेखाने केला, आणि १९७१ पासूनची प्रमाणभूत आवृत्ती नॉर्मन डेव्हिस या भाषेच्या प्राध्यापकाने सिद्ध केली. कागद इतिहासाकडून साहित्याकडे आले आणि त्यामुळे इतिहासाचे काही बिघडले नाही. मराठीत राजवाड्यांनी १८९८ पासून जे प्रचंड कार्य केले, त्याने बखरींच्या तुलनेत अस्सल पत्रांचे मोल प्रस्थापित झाले. त्या कार्याचे ऋण न फिटणारे आहे. पण त्याचबरोबर ‘साधने’ हा शब्दही रूढ झाला. साधन म्हटले की ते कशाचे तरी साधन. सिद्ध करावयाची गोष्ट सिद्ध झाली की त्याचे काम संपते. बखरीला गद्याच्या इतिहासात जागा मिळाली, कारण ती प्रमाण म्हणून कमी ठरली. करीना, महजर आणि पत्र प्रमाण म्हणून श्रेष्ठ ठरले आणि त्यामुळेच वाङ्मयाच्या कक्षेबाहेर राहिले.

ही विभागणी सोयीची असली तरी तिची किंमत मराठी गद्याच्या जाणिवेला मोजावी लागली आहे. सतराव्या शतकातील मराठी माणूस कमी शब्दांत हकीकत कशी रचीत होता, काय सांगत होता आणि काय टाळीत होता, आपल्या बाजूचे सांगतानाही वैऱ्याला कोठे माणूस म्हणून ठेवीत होता, हे करीन्याइतके अन्यत्र क्वचितच पाहावयास मिळते. त्यासाठी तो पक्षकाराचा कागद आहे याचे भान सोडण्याचे कारण नाही. उलट ते भान हीच वाचनाची पहिली पायरी आहे. जेथे हकीकत दाव्याच्या गरजेपुरतीच आहे तेथे तिची रचना पाहावी. जेथे ती दाव्याची गरज ओलांडते, जशी खोपड्याच्या प्रसंगी, तेथे थांबावे. आणि जेथे एका सामूहिक शब्दात सारे घर गुंडाळले जाते, तेथे त्या शब्दावरून सहज पुढे जाऊ नये. मराठी घराण्यांच्या दप्तरांचे इतर भारतीय भाषांत आणि इंग्रजीत भाषांतर करू पाहणाऱ्याने ‘वतन’, ‘करीना’, ‘पाणी सोडणे’ या शब्दांबरोबर ‘कबिला’ या शब्दालाही टीप द्यावी. तळेगावच्या वाटेने गेलेल्या त्या शब्दात कदाचित कोणी बाणही मागितले असतील आणि साखरही.